आमवाताच्या हातांनी श्रवणयंत्र वापरायचं तर: निवड, बसवणं आणि रोजची निगा

दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी एक चाचणी करून घ्या. ताटलीत मसुराचे पाच-सहा दाणे आणि काबुली चण्याचे पाच-सहा दाणे ठेवा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत, बोटं अजून आखडलेली असताना, एकेक दाणा उचलून वाटीत टाका. दुपारी चार वाजता तेच पुन्हा करा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या.

श्रवणयंत्राचा सर्वांत लहान सेल १० नंबरचा. तो ५.८ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे जवळपास मसुराएवढा. ३१२ नंबरचा ७.९ मिलिमीटर, काबुली चण्याएवढा. पण चणा गोल असतो आणि सेल चपटा, जेमतेम ३.६ मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे तो टेबलावरून उचलणं चण्यापेक्षा अवघड. १३ नंबरची रुंदी ३१२ एवढीच, जाडी मात्र ५.४ मिलिमीटर. ६७५ नंबरचा ११.६ मिलिमीटर, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्मा. सकाळी चणे निसटत असतील तर १० आणि ३१२ नंबरच्या सेलवर चालणारी यंत्रं आपल्यासाठी नाहीत, मग ती कितीही भारी असोत. दुपारचा निकाल चांगला आला म्हणून सकाळचा विसरू नका. यंत्र कानात घालायचं असतं ते सकाळीच.

बहुतेक ठिकाणी श्रवणयंत्राची निवड फक्त कानाच्या तपासणीवरून होते. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पाहायचा, बजेट विचारायचं, तीन मॉडेलं समोर ठेवायची. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या माणसाला हे अपुरं पडतं. या आजारात बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे सुजतात, मनगट दुखतं, अंगठा आणि तर्जनीची चिमूट कमजोर होते. मनगटातली सूज नस दाबत असेल तर बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि हातात सेल आहे की नाही तेच कळत नाही. खांदा धरला असेल तर हात कानापर्यंतच पोहोचत नाही. अशा वेळी लाखभराचं यंत्र कपाटात पडून राहतं आणि घरातले म्हणतात, 'आई मशीन लावतच नाही.' आई लावत नाही असं नसतं, तिला ते लावता येत नसतं.

आधी कान तपासा

पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञांची. कानात मळ असेल तर ऑडिओग्राम चुकीचा येतो, म्हणून मळ आधी काढायचा. आमवात बरीच वर्षं असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल झालेले असू शकतात. मळ काढताना डोकं जोरात वळवू किंवा वाकवू नका, हे डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच सांगा.

तिथेच औषधांची यादीही दाखवा. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात आवाज येतात आणि ऐकू कमी येतं, मात्रा कमी केली की सहसा हे सुधारतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळेही क्वचित कानात गुणगुण सुरू होते. औषध स्वतःहून बंद करू नका, सांधेविकार तज्ज्ञांना विचारा. आणि एखाद्या कानाचं ऐकणं एका दिवसात किंवा रात्रीत अचानक गेलं, तर ती श्रवणयंत्र घेण्याची वेळ नव्हे. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा बहिरेपणावरचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका ऐकणं परत येण्याचा संभव जास्त असतो.

ऑडिओग्राम ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, करून घ्या, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. ऑडिओग्रामची प्रत तुमची, ती मागून घ्या. फक्त यंत्र विकण्यासाठी केलेली 'मोफत तपासणी' आणि शांत, आवाजबंद खोलीत केलेली तपासणी यांत पुष्कळ फरक असतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत खासगी केंद्रं भरपूर आहेत. सरकारी संस्थेतच जायचं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेने वांद्रे, आणि नेरूळ-वाशीकडून हार्बरने वडाळा रोडला उतरून वांद्र्याकडे जाणारी गाडी. दादरचा पूल गुडघे-पावलं दुखणाऱ्याला जड जातो, तेव्हा गर्दीच्या वेळा टाळा आणि सोबत कुणीतरी असू द्या.

कोणता प्रकार घ्यावा

ऐकण्याची घट ४० डेसिबलच्या आत असेल तर सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र आणि ७१ च्या पुढे तीव्र समजतात. कानामागे छोटा भाग आणि कानात तारेवर बसलेला इवलासा स्पीकर, ज्याला दुकानात आरआयसी म्हणतात, तो प्रकार सौम्य ते मध्यम-तीव्र घट असलेल्या बहुतेकांना पुरतो. त्यापुढच्या घटीला कानामागचं ताकदवान यंत्र आणि मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा कानात बसणारा तुकडा, लागतो. ही झाली कानाची बाजू.

हाताच्या बाजूने पाहिलं तर क्रम बदलतो. कानाच्या आत पूर्ण लपणारं यंत्र आमवातात सहसा घेऊ नये. ते दिसत नाही हे खरं, पण ते नखाच्या टोकाने धरावं लागतं, बाहेर काढायला नायलॉनचा बारीक दोरा असतो आणि त्यात १० नंबरचा सेल येतो. उलट, कानाचा बाहेरचा पूर्ण खळगा भरणारं एकसंध यंत्र धरायला सोपं. त्याला मागे अडकवायचं काही नसतं, एकच तुकडा, एकच हालचाल. जरा मोठं दिसतं, दिसू द्या.

आरआयसी घ्यायचंच असेल तर टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी, म्हणजे डोम, न घेता कानाच्या मापाची कडक टोपी करून घ्या. डोम हलका असतो, पण त्याला कानात ढकलायला तार चिमटीत धरावी लागते, आणि कधीकधी तो आतच सुटून राहतो. कडक अॅक्रिलिकचा मोल्ड कानात घसरत जातो. मऊ सिलिकॉनचा कातडीला चिकटतो आणि ढकलायला जास्त जोर लागतो. मोल्डला वरच्या पाळीत अडकणारी शिंगासारखी कड असते, ती बसवताना मनगट फिरवावं लागतं. ती कड काढून टाकायला सांगा आणि मोल्ड ओढून काढायला जाडसर दोरा किंवा मूठ बसवून घ्या.

मोल्डसाठी कानाचा साचा घेतात तेव्हा आणखी एक गोष्ट. आमवात जबड्याच्या सांध्यालाही होतो, आणि जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तोंड बंद ठेवून घेतलेल्या साच्याचा मोल्ड जेवताना सैल पडून शिट्टी मारू शकतो. शक्य असेल तर तोंड उघडं ठेवून साचा घ्यायला सांगा. जबडा उघडताना दुखत असेल तर तेही सांगा, ठोकळा दाताखाली धरून पाच मिनिटं बसण्याचा अट्टहास नको. चेहऱ्याच्या त्याच बाजूला दुखणारा 'कान' प्रत्यक्षात जबडाच असतो असंही बरेचदा निघतं.

रिचार्जेबल की सेलचं? आमवातात आमचं मत स्पष्ट आहे: परवडत असेल तर रिचार्जेबल. सेल बदलण्याची कटकट संपते. ३ ते ४ तास चार्ज केलं की दिवसभर चालतं. पण चार्जर हातात घेऊन बघा. काही डब्यांत यंत्र अगदी नेमक्या दिशेने खाचेत दाबावं लागतं, काहींत नुसतं सोडलं की लोहचुंबकाने जागेवर बसतं. दुसरा प्रकार घ्या. डब्याचं झाकण एका हाताने, अंगठ्याच्या नखाशिवाय उघडतं का तेही तिथेच बघा. घरात वीज जात असेल तर स्वतःत चार्ज साठवणारा डबा उपयोगी. आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी थकते, ती बदलायला किती लागतील ते बिलावर लिहून घ्या.

सेलचंच यंत्र घेणार असाल तर १३ किंवा ६७५ नंबर. सेल मागचं चिकट लेबल काढल्यावर हवेने जागा होतो. लेबल काढून दोन-तीन मिनिटं उघडा ठेवून मग घातला तर जास्त टिकतो. १३ नंबरचा साधारण आठवडा-दोन आठवडे जातो. तो मरेपर्यंत वाट पाहू नका. ठरावीक वारी, घरात मुलगा-सून-शेजारी कुणी हाताशी असताना बदला. टोकाला चुंबक असलेली काडी मिळते, तिने सेल आपोआप उचलला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचं. सेल दिसायला गोळीसारखे असतात, आणि आमवाताच्या घरात गोळ्यांचा डबा कायम उघडा असतो. सेल आणि गोळ्या एका खोलीत, एका टेबलावर, एका डब्यात कधीही ठेवू नका. लेबल काढून 'जागा' व्हायला ठेवलेला सेल गोळी समजून गिळला गेल्याचे प्रकार होतात. गिळला असेल तर वाट न पाहता तडक रुग्णालयात. जुना सेल लगेच कचऱ्यात टाका, नातवंडं असतील तर दुप्पट जपा.

चाचणीच्या दिवशी

सोबत न्यायच्या वस्तू: ऑडिओग्राम, चष्मा, रोजचा मोबाईल, आणि मनगटाला पट्टा वापरत असाल तर तो. भेटीची वेळ शक्यतो सकाळची घ्या, म्हणजे हात खऱ्या अवस्थेत असतील.

विक्रेता यंत्र स्वतःच तुमच्या कानात घालेल आणि 'बघा, किती छान ऐकू येतं' म्हणेल. थांबवा. यंत्र टेबलावर ठेवायला सांगा आणि तुम्ही स्वतः घाला, काढा, पुन्हा घाला. दोन्ही कानांत, तीन-तीन वेळा. तीनपैकी दोनदा नीट बसत नसेल तर तो प्रकार नको. बटणं असतील तर ती दाबायला किती जोर लागतो ते पाहा. कानात घालताना बोट लागून आवाज वाढत-कमी होत असेल तर बटण सॉफ्टवेअरमधून बंद करून घेता येतं. मोबाईल ॲपवरची सरकपट्टी सुजलेल्या बोटांना कधी जमते, कधी नाही. मोठ्या बटणांचा वेगळा रिमोट मिळत असेल तर तो बघा. तुमचा मोबाईल यंत्राला जोडून तिथेच एक फोन करा. सगळे फोन सगळ्या यंत्रांना जोडले जात नाहीत, आणि फोन कानाला धरून ठेवण्यापेक्षा आवाज थेट यंत्रात येणं मनगटाला फार सुखाचं.

रंग कातडीसारखा घेऊ नका. फरशीवर पडलेलं कातडीच्या रंगाचं यंत्र दिसत नाही, आणि ते शोधायला वाकणं गुडघ्यांना महागात पडतं. उजव्याची खूण लाल, डाव्याची निळी असते. ही खूण बारीक असेल तर मोठी करून घ्या.

यंत्र तुमच्या ऑडिओग्रामनुसार लावलंय का ते नुसतं 'कसं वाटतंय' विचारून कळत नाही. रिअल इअर मेजरमेंट करता का, असं विचारा. यंत्रासोबत एक मऊ बारीक नळी कानात ठेवून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोहोचतोय ते त्यात मोजतात. दुखत नाही, थोडी मिनिटं लागतात. हे न करणाऱ्या केंद्रात महागडं यंत्र घेण्यापेक्षा हे करणाऱ्या केंद्रात मधल्या किमतीचं घेणं कधीही शहाणपणाचं.

घरी वापरून बघायला किती दिवस देता, परत केलं तर किती पैसे कापता, वॉरंटी किती, हरवलं तर काय, हे सगळं लेखी घ्या. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. यंत्राच्या किमतीवर तो लावलेला दिसला तर का ते विचारा. पाचशे-हजाराची गळ्यात अडकवायची किंवा कानात खुपसायची 'आवाज वाढवणारी' मशीनं ऑनलाइन दिसतात. ती सगळेच आवाज सरसकट वाढवतात आणि चांगल्या राहिलेल्या ऐकण्याचंही नुकसान करू शकतात.

घरच्या चाचणीच्या दिवसांत यंत्र शांत दिवाणखान्यात तपासण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात पंखा पाचवर आणि कुकर गॅसवर असताना कुणाशी तरी बोला. जांभळी नाक्याच्या बाजारात भाव विचारा. ठाणे स्टेशनवर फलाटाची घोषणा ऐका. घोडबंदर रोडवर रिक्षात बसून मागच्या सीटवरचं बोलणं कळतं का पाहा. कुकरची शिट्टी कानात टोचते, भाजीवाल्याचं बोलणं हरवतं, असं नेमकं कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्या. 'बरं वाटत नाही' एवढ्यावरून ऑडिओलॉजिस्टला काहीच बदलता येत नाही. पहिल्या दिवसापासून दहा तास घालायची घाई नको. दोन तासांपासून वाढवत न्या, मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे जातात.

रोज सकाळी घालताना

उठल्याबरोबर घालू नका. रात्रीचा मनगटाचा पट्टा काढा, कोमट पाण्यात हात ५ ते १० मिनिटं बुडवा, बोटं हळूहळू उघडा-मिटा, हात कोरडे पुसा. टेबलाशी बसा, समोर आरसा, खाली जाड टॉवेल, म्हणजे यंत्र निसटलं तरी फुटणार नाही. बेसिनवर उभं राहून कधीही घालू नका, तिथे खाली पाणी आणि फरशी दोन्ही असतात.

कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकवा. हात कानापर्यंत उचलण्याऐवजी मान अगदी थोडी हाताकडे झुकवा. खांदा दुखणाऱ्यांना यानेच सगळा फरक पडतो. मानेचा त्रास असेल तर मात्र मान न झुकवता कोपराखालची उशी उंच करा. यंत्र अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरू नका. किल्ली धरतो तसं, अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये धरा. पकड पक्की बसते. कानामागचा भाग आधी अडकवायचा की मोल्ड आधी घालायचा, हे मॉडेलवर आणि हातावर अवलंबून असतं, दोन्ही करून बघा. शिट्टी वाजली तर मोल्ड पुरता बसलेला नाही. बोटाने न ढकलता तळहाताच्या कडेने हलकेच दाबा.

यंत्र आधी, चष्मा नंतर. चष्मा काढताना बाजूला ओढला की यंत्र उडून जातं. दोन्ही हातांनी सरळ पुढे काढा. लोकलमध्ये जाणाऱ्यांनी यंत्राला दोरी लावून तिची चिमटी ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या कॉलरला अडकवावी. केसांना तेल लावलं असेल तर ते जिरेपर्यंत यंत्र घालू नका, माईकची छिद्रं तेलाने बुजतात. रात्री क्रम उलटा: आधी यंत्रं काढायची, मग मनगटाचा पट्टा घालायचा.

पावसाळा आणि सफाई

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या ठाण्या-वाशीत भिंतींना ओल येते, तिथे यंत्राचं काय होत असेल. यंत्र खरखरतं, आवाज येतो-जातो, मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात. रात्री यंत्र सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवा. डबी हवाबंद, पण सहज उघडणाऱ्या झाकणाची निवडा. जेलचे रंगीत दाणे ओलावा भरला की रंग बदलतात, मग ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे तापवून सुकवा किंवा बदला. सेलचं यंत्र असेल तर सेल बाहेर काढून मगच डबीत ठेवा, नाहीतर सेलही सुकून लवकर संपतो. बिजलीवर चालणारी सुकवणी डबी मिळाली तर आणखी बरं. हेअर ड्रायर, ऊन, गॅसजवळची जागा नकोच.

नळीतलं पाणी काढायला रबरी फुगा मिळतो, तो बोटांनी न दाबता तळहाताखाली टेबलावर ठेवून दाबा. नळी यंत्रापासून वेगळी करायला जोराची चिमूट लागते. हे काम आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाकडून करून घ्या आणि तेव्हाच मोल्ड कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. यंत्राला पाणी किंवा स्पिरिट लावू नका. सफाईच्या ब्रशचा दांडा काडीसारखा असतो, त्यावर फोमची नळी चढवा किंवा सुती पट्टी गुंडाळून अंगठ्याएवढा जाड करा. मळ अडवणारी बारीक जाळी बदलणं मात्र धडधाकट हातांनाही नीट जमत नाही. ती दर भेटीत केंद्रातच बदलून घ्या. एका कानाचं यंत्र अचानक गप्प झालं तर दहापैकी बहुतेक वेळा ही जाळीच बुजलेली असते. नळी कडक किंवा पिवळी पडली की बदला, आपल्या हवेत ती लवकर पडते.

मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक औषधं चालू असतील तर कानातल्या खाजेकडे दुर्लक्ष करू नका. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते, स्टेरॉइडने कातडी पातळ होते, आणि पावसाळ्यात कानात बुरशी धरते. मोल्डने एकाच जागी लाल झालं तर तो घासून घ्यायला परत द्या. पाणी, दुखणं किंवा कुजका वास आला तर यंत्र काढून ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

ऐकू कमी येतं तेव्हा औषधाची सूचना

मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घेतात. 'आठवड्यातून एकदा'चं 'दिवसातून एकदा' ऐकू आलं तर ते जिवावर बेतू शकतं. तोंडात फोड, ताप, रक्तातल्या पेशी घटणं, अशा गोष्टी त्यातून होतात. म्हणून यंत्र घेतलं असो वा नसो, सांधेविकार तज्ज्ञांकडून वार शब्दात लिहून घ्या, 'फक्त बुधवार' असा. फॉलिक ॲसिडच्या गोळीचा वार वेगळा लिहून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. सेल बदलायचा वार आणि मेथोट्रेक्सेटचा वार मुद्दाम वेगळे ठेवा. डॉक्टरांच्या खोलीत पंख्याखाली बसू नका, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खुर्ची निवडा आणि सांगितलेलं तुम्ही परत म्हणून दाखवा.

पैशांची मदत

६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये एकदाच खात्यात येतात. श्रवणयंत्र त्या यादीत आहे, पण या रकमेत चांगलं यंत्र येत नाही. ती सेल, मोल्ड आणि दुरुस्तीच्या कामी धरा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि उत्पन्नाची मर्यादा बघतात, त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल घट असेल तर ऐकू कमी येणं दिव्यांगत्वात मोडतं, त्यामुळे सौम्य घटीला हे कार्ड मिळत नाही.

अर्ज करताना जिल्ह्याकडे लक्ष द्या. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. खारघरच्या माणसाने ठाण्याच्या कार्यालयात रांग लावली तर दिवस फुकट जातो. आधी फोनवर विचारून घ्या, आणि फोन ऐकू येत नसेल तर घरच्यांना बोलायला सांगा.